सेटिंग दहा मिनिटांत, पण लॉट तेवढाच?



१९५० सालची गोष्ट. हिरोशिमातील टोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा, कंपनीच्या कारखान्यात औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो ८०० टनी प्रेसची डाय बदलताना पाहत उभे होते. जुनी डाय उतरवली आणि कामगार धावतपळत कुठेतरी निघून गेला, तो तासाभराने परतला. नव्या डायचा एक बोल्ट सापडत नव्हता. मग त्याने दुसऱ्या डायचा लांब बोल्ट आणला, कापला, त्यावर आटे पाडले आणि लावला. तोपर्यंत प्रेस उभाच.

या निरीक्षणातून शिंगोंनी सेटिंगच्या, म्हणजे डाय किंवा जॉब बदलण्याच्या, कामांचे दोन भाग केले. काही कामे मशिन थांबवल्याशिवाय होतच नाहीत. बाकीची मशिन चालू असतानाच उरकता येतात. पुढे १९६९ मध्ये टोयोटातील १,००० टनी प्रेसचे सेटिंग चार तासांवरून सहा महिन्यांत दीड तासावर आले आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. कामगारांचे हात जास्त वेगाने चालले म्हणून हे घडले नाही. मशिन थांबण्याआधीची तयारी पूर्ण झाली, म्हणून घडले.

टोयोटाला याची निकड होती. युद्धानंतरच्या जपानमध्ये गाड्यांची मागणी थोडी आणि प्रकार अनेक. एकच डाय लावून ढीगभर पार्ट काढून ठेवायला ना पैसा होता, ना जागा. टोयोटाचे अभियंते ताइची ओनो यांनी घडवलेली पद्धत याच अडचणीतून आली: पुढच्या टप्प्याला लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच करायचे. अशी लवचिकता सेटिंग झटपट झाल्याशिवाय परवडत नाही.

आपल्याकडचा हिशेब अजून उलटा आहे. ‘सेटिंगला दोन तास जातात, मग निदान ३०० नग तरी काढूया.’ यात दोन तास हे जणू दगडावरची रेघ! समजा, एका नगाला दोन मिनिटे लागतात. ३०० नगांचे ६०० मिनिटे मशिनिंग आणि त्यासाठी १२० मिनिटे सेटिंग. तेच सेटिंग १२ मिनिटांत झाले, तर ३० नगांचा लॉटही त्याच प्रमाणात बसतो. मशिनचा वेळ तेवढाच वाया जातो, पण रॅकवर पडून राहणारा माल एक दशांश होतो.

काही महिन्यांपूर्वी भोसरीतील एका लहान कारखान्यात व्हीएमसीवर जॉब बदलताना मी घड्याळ लावून बसलो होतो. ऑपरेटर कुशल होता. फिक्श्चर त्याने सफाईने बसवले. पण त्याआधी ॲलन की शोधण्यात, स्टोअरमधून गेज आणण्यात आणि एका क्लॅम्पला योग्य मापाचा टी-नट मिळवण्यात अर्धा तास गेला. पहिला नग तयार झाला, तो इन्स्पेक्शनच्या टेबलावर आणखी पस्तीस मिनिटे पडून राहिला. मशिन बंद, ऑपरेटर बाजूला उभा. यातले एकही काम सुधारायला नवे मशिन लागत नाही. जॉबनुसार भरलेली एक ट्रॉली, आधीच प्रिसेट केलेली टूल्स, एकाच उंचीचे क्लॅम्प आणि पहिल्या नगासाठी मोकळा ठेवलेला इन्स्पेक्टर एवढे पुरते.

मात्र आज मला बोलायचे आहे ते याच्या पुढचे. अनेक कारखान्यांनी सेटिंगचा वेळ खरोखर कमी केला आहे, त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक. पण वाचलेल्या वेळात त्यांनी तेच नग आणखी काढले. लॉट ३००चा तो ३००चाच राहिला. रॅक भरले, पैसा अडकला आणि ग्राहकाने ड्रॉइंग बदलले तेव्हा तो सगळा माल भंगारात गेला. वाचलेला वेळ जास्त वेळा सेटिंग करण्यासाठी खर्च केला, तरच लवचिकता येते. दिवसात एकदा जॉब बदलणारे मशिन चार वेळा बदलू लागले, तर तातडीची ऑर्डर रांगेत अडकत नाही आणि चूक झालीच तर ती तिसाव्या नगाच्या आत सापडते.

यात ऑपरेटरचा विश्वास सर्वांत मोलाचा. वेळ मोजायला गेलात की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘माणसं कमी करणार का?’ मालकाने त्याचे स्पष्ट उत्तर आधी द्यावे आणि ते पाळावे. कुठला बोल्ट त्रास देतो, हे ऑपरेटरइतके कुणालाच ठाऊक नसते.

या महिन्यात एकच करून पाहा. ऑपरेटरला विचारून एका सेटिंगचे मोबाइलवर चित्रण करा, त्याच्याच शेजारी बसून ते पाहा आणि मशिन बंद असताना केलेली कोणती कामे आधी करता आली असती, ते लिहून काढा. ती बाजूला काढलीत की त्या जॉबचा लॉट निम्मा करा. हे दुसरे पाऊल उचलायला धीर लागतो, पण रॅक रिकामा होऊ लागतो तो तिथूनच.

– संपादक