झेलणाऱ्याचे मोल आणि फेकणाऱ्याचा पगार

आपल्या इंदुरातील जुन्या मराठी घरांपैकी ज्या घरचा मुलगा, पुतण्या वा भाचा अमेरिकेत नाही, असे घर आता शोधावेच लागेल. ही मुले तिथे जाऊन क्रिकेट विसरत नाहीत, पण दोन-चार हिवाळे काढले की तिथल्या फुटबॉलचे वेड त्यांना लागतेच. पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे, तर लंबगोल चेंडू हाताने फेकून खेळायचा तो. माझा एक भाचा ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात आहे. तिथल्या बेंगल्स संघाने मार्च २०२५ मध्ये जमार चेस या खेळाडूला चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर देऊ केले, तेव्हापासून आम्हा मामा-भाच्यांचा फोनवर एकच वाद चालू आहे. भाचा म्हणतो, "मामा, चेसला सोडलं असतं तर गावाने संघाचं तोंड पाहिलं नसतं." मी म्हणतो, चेसला ठेवले ते ठीक, पण वहीतल्या बाकीच्या ओळीही वाच. प्रश्न खेळापेक्षा हिशेबाचा आहे, आणि वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या कॉमर्सच्या माणसाने हिशेबावर दोन शब्द बोलावेत, एवढा अधिकार वाचक देतील अशी आशा आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर एका बाजूचे अकरा जण असतात. त्यांतला क्वार्टरबॅक हा मुख्य सूत्रधार. चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो लांबवर फेकतो. रिसीव्हर म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना चकवून धावत जाऊन तो चेंडू झेलणारा. टाळ्या बहुधा झेलणाऱ्याला पडतात, पण एका हाताने टाळी वाजत नाही. फेकणारा नसेल तर झेलणारा नुसताच धावतो. शिवाय चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, त्यामुळे चेसने कितीही पराक्रम केला तरी बचावाच्या वेळी तो बाकावर बसलेला असतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. एनएफएल या त्यांच्या लीगमध्ये १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ साली २७ कोटी ९२ लाख झाली. मालक कुबेर असला तरी या रेघेबाहेर त्याला जाता येत नाही, आणि याच रकमेत ५३ जणांचा संघ उभा करायचा असतो. आयपीएल पाहणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची थैली होती. त्यातले पावणेचोवीस कोटी कोलकात्याने आपल्या इंदूरच्या व्यंकटेश अय्यरसाठी मोजले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. मोसमात त्याच्या १४२ धावा झाल्या, संघ आठवा आला आणि वर्ष सरायच्या आत त्याला मोकळे करण्यात आले. मुलगा गुणी आहे, यात शंका नाही. ओझे त्याच्या गुणांचे नव्हते, थैलीतल्या हिश्श्याचे होते.

आता बेंगल्सची वही उघडू. चेसच्या मोलाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. २०२४ च्या हंगामात त्याने १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन केले. तिन्ही बाबतींत तो साऱ्या लीगमध्ये पहिला. त्याला चेंडू देणारा जो बरो हाही त्या वर्षी फेकीच्या यार्डांत आणि टचडाउनमध्ये पहिला. मग संघ कुठे पोचला? नऊ जिंकले, आठ हरले आणि बाद फेरीच्या दाराबाहेर राहिले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी बाल्टिमोरविरुद्ध चेसने एकट्याने २६४ यार्ड आणि तीन टचडाउन केले, तरीही संघ ३५-३४ असा हरला. त्याआधी महिन्याभरापूर्वी याच बाल्टिमोरने त्यांना ४१-३८ असे हरवले होते. चढाईवाल्यांनी भरभरून मिळवायचे आणि बचावाने ते गळक्या माठासारखे सांडायचे, असा तो हंगाम गेला.

इंदूरकरांना ही गोष्ट नवीन नाही. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला आणि त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली. तरी होळकर संघ ३७४ धावांनी हरला, कारण समोरच्यांना बाद कोण करणार हा प्रश्न सुटला नव्हता. पुढच्याच हंगामात सी. के. नायडूंच्या संघाने बडोद्याला हरवून पहिला रणजी करंडक इंदुरात आणला, आणि पुढे आणखी तीन आणले. मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर, जगदाळे ही नावे जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहेत. मोठा खेळाडू मोठाच असतो, पण करंडक संघ जिंकतो.

मग ताऱ्याला सोडूनच द्यावे का? तसेही नाही. अलीकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवली तर उत्तर सापडते.

पहिले कॅन्सस सिटी चीफ्सचे. मार्च २०२२ मध्ये त्यांनी टायरीक हिल हा आपला विजेसारखा रिसीव्हर मायामीला दिला. मायामीने त्याला चार वर्षांचे १२ कोटी डॉलर दिले. चीफ्सना बदल्यात नवे खेळाडू निवडण्याचे पाच हक्क मिळाले, आणि त्यांतले काही वापरून त्यांनी ट्रेंट मॅकडफी हा तरुण बचावपटू आणला. अनेकांनी कपाळावर हात मारला. पण फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, असे लागोपाठ दोन सुपर बाउल चीफ्सनी हिलवाचून जिंकले. मायामीत हिलने यार्डांच्या राशी ओतल्या, पण जानेवारी २०२४ मध्ये तो बाद फेरीसाठी जुन्या गावी परतला तेव्हा कडाक्याच्या थंडीत मायामीची २६-७ अशी धूळधाण झाली. मायामीचा एकमेव टचडाउन हिलचाच होता.

दुसरे फिलाडेल्फिया ईगल्सचे. एप्रिल २०२२ मध्ये टेनेसी टायटन्सनी ए. जे. ब्राउन या रिसीव्हरला मोठा पगार देण्याऐवजी विकले. ईगल्सनी त्याला चार वर्षांचे १० कोटी डॉलर देऊन घेतले. आधीच्या हंगामात बारा सामने जिंकलेले टायटन्स त्या वर्षी सातांवर घसरले आणि डिसेंबरातच त्यांच्या व्यवस्थापकाला नारळ मिळाला. ईगल्स मात्र थेट सुपर बाउलला पोचले.

गंमत पुढे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमनेसामने आले ते हेच दोघे, तारा सोडणारे चीफ्स आणि तारा विकत घेणारे ईगल्स. चीफ्स ३८-३५ असे जिंकले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुन्हा हेच दोघे भेटले आणि ईगल्सनी ४०-२२ अशी परतफेड केली. म्हणजे सोडणाराही शहाणा ठरला आणि घेणाराही. हे कसे?

उत्तर फेकणाऱ्याच्या पगारात आहे. चीफ्सकडे पॅट्रिक महोम्स होता आणि २०२० मध्येच त्याच्याशी दहा वर्षांचा, ४५ कोटी डॉलरचा करार झालेला होता. एवढी गुंतवणूक फेकणाऱ्यात झाल्यावर झेलणाऱ्यावर दुसरी तेवढीच ओतणे त्यांना परवडणारे नव्हते. महोम्स मध्यम कुवतीच्या झेलणाऱ्यांकडूनही काम काढून घेईल आणि ट्रॅव्हिस केल्सीसारखा भरवशाचा गडी हाताशी आहेच, हा त्यांचा हिशेब होता. उलट ईगल्सचा जेलन हर्ट्स तेव्हा नवख्या खेळाडूच्या ठरावीक, किरकोळ पगारावर होता. तिजोरीत जागा होती आणि कच्च्या फेकणाऱ्याला पक्क्या झेलणाऱ्याचा आधार हवा होता, म्हणून त्यांनी खर्च केला. टायटन्सकडे महोम्स नव्हता आणि ब्राउनच्या तोडीचा दुसरा झेलणाराही नव्हता, तरी त्यांनी ब्राउनला सोडले आणि ते फसले. तेव्हा माझे सूत्र असे की, झेलणाऱ्याला किती द्यायचे हे त्याच्या झेलांवरून नव्हे, फेकणाऱ्याला आपण काय देतो यावरून ठरवावे.

या सूत्रावर बेंगल्सना घासून पाहू. बरोचा करार २०२३ चा, पाच वर्षांचे साडेसत्तावीस कोटी डॉलर. चेसचे चार वर्षांचे १६ कोटी १० लाख. त्याच आठवड्यात दुसरा रिसीव्हर टी हिगिन्स यालाही चार वर्षांचे साडेअकरा कोटी दिले. करारांची वार्षिक सरासरी काढली तर तिघांचे मिळून वर्षाला १२ कोटी ४० लाख होतात. प्रत्यक्ष कोणत्या वर्षी किती खर्ची पडते ते पुढेमागे करता येते, हे मला ठाऊक आहे. पण हप्ते पुढे ढकलल्याने कर्ज फिटत नाही. २०२५ च्या मर्यादेशी ताडून पाहता हे सुमारे ४४ टक्के होतात. त्रेपन्न जणांच्या घरात निम्म्याला टेकलेला पैसा तिघांच्या ताटात!

आमच्या धंद्यात याला एक लगाम आहे. कोणत्याही एका कर्जदाराला बँकेने आपल्या मूळ भांडवलाच्या २० टक्क्यांहून जास्त देऊ नये, संचालक मंडळाने खास मंजुरी दिली तरी २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हा दंडक वाईट कर्जदारासाठी नसतो, वाईटाला मुळात कर्जच मिळत नाही. तो चांगल्यासाठी, नावाजलेल्यासाठीच असतो. शिवाय एकमेकांवर अवलंबून असलेले कर्जदार वेगळे मोजत नाहीत, त्यांचा एक गट धरतात, कारण एक अडखळला की सगळेच अडखळतात. बरो, चेस आणि हिगिन्स हा असाच एक गट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात बरोच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि तो नऊ सामने बाहेर बसला. फेकणारा गेला आणि झेलणाऱ्यांवर ओतलेला पैसाही टांगणीला लागला.

इथे भाचा मला अडवतो आणि त्याचे म्हणणे मांडले नाही तर तो अन्याय होईल. तो म्हणतो, बरोच्या जागी चाळिशीचा जो फ्लॅको आणला, तरी चेसने एका सामन्यात १६ झेल घेतलेच की! खरे आहे. चांगला झेलणारा साध्या फेकणाऱ्यालाही उभा करतो, आणि म्हणूनच चेसला ठेवण्यास माझा विरोध नाही. पण त्यानंतरचे दोन सामने पाहा. एकात ३८ गुण करून ३९-३८ अशी हार, पुढच्यात ४२ गुण करून ४७-४२ अशी हार. याहून जास्त गुण कोणत्या झेलणाऱ्याकडून मागायचे? दुखणे बचावात होते आणि औषध चढाईला पाजले गेले. २०२४ मध्ये बचावातल्या ज्या ट्रे हेंड्रिक्सनने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना पाडण्यात लीगमध्ये पहिला नंबर मिळवला, त्याचा पगाराचा तंटा मात्र ऑगस्टपर्यंत रेंगाळला आणि अखेर एका वर्षाच्या वाढीवर मिटवला गेला. त्या २०२५ च्या हंगामातही संघ बाद फेरीबाहेरच राहिला.

एक गैरसमज मात्र होऊ नये. खेळाडूने मागितले यात हावरेपणा काही नाही. चेसच्या १६ कोटींतले हमीचे ११ कोटी २० लाखच, बाकीचे तो चालत राहिला तर. टायरीक हिलचा गुडघा सप्टेंबर २०२५ मध्ये एका क्षणात निखळला. ज्याचे शरीर हेच भांडवल, त्याने आपला भाव वेळेवर मागावा, यात कमीपणा कसला? प्रश्न देणाऱ्याच्या विवेकाचा आहे. सिनसिनाटीचा संघ १९६८ पासून खेळतो आहे, तीनदा अंतिम सामन्याला गेला आणि तिन्ही वेळा हात हलवीत परत आला. तिथले मैदान काउंटीच्या नागरिकांनी १९९६ साली मतदान करून स्वतःवर विक्रीकर लादून घेऊन उभारले आहे. खरेदी करताना ज्यांनी हा कर भरला, त्यांना नुसती नेत्रदीपक हार दाखवून भागणार नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. चेसला ठेवणे बरोबर होते. पण फेकणाऱ्याला सर्वोच्च पगार, पहिल्या झेलणाऱ्याला सर्वोच्च पगार आणि वर दुसऱ्या झेलणाऱ्यालाही पावणेतीन कोटींवर, ही तिसरी सही करायला नको होती. हिगिन्सला चीफ्सनी हिलला दिला तसा वेळेत, मोबदला घेऊन निरोप द्यायचा आणि ते पैसे, ते निवडीचे हक्क बचावात गुंतवायचे. टाळ्या थोड्या कमी पडल्या असत्या, पण ३८ आणि ४२ गुण करून हरायची पाळी आली नसती.

भाच्याला हे पटलेले नाही. त्याने चेसच्या नावाचा सदरा घेतला आहे आणि तो घालून तो मैदानावर जातो. खुशाल जावे. सदरा घेणाऱ्याने मन लावून प्रेम करावे, वही लिहिणाऱ्याने मात्र बेरीज तळापर्यंत नेऊनच सही करावी.