विमानवाहू नौका की पाणबुडी?

ठाणे, प्रतिनिधी

कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये ताब्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीकाठी आरमाराची उभारणी सुरू केली. त्या आरमाराची भिस्त अवाढव्य जहाजांवर नव्हती, तर उथळ पाण्यात चपळाईने वावरणाऱ्या गुराबा व गलबतांवर होती. हाती असलेला पैसा मोठ्या जहाजावर खर्चावा की लहान पण घातक नौकांवर, हा प्रश्न म्हणूनच या परिसराला अपरिचित नाही. चीनच्या वाढत्या नौदलामुळे तो आज दिल्लीपुढे नव्याने उभा ठाकला आहे.

१९९६ च्या तैवान पेचप्रसंगात अमेरिकेने विमानवाहू नौकांचे दोन ताफे धाडले, तेव्हा चीनपाशी त्यावर उत्तर नव्हते. पुढील दशकात चीनने पाणबुड्या आणि जहाजभेदी क्षेपणास्त्रांवर भर दिला. ऑक्टोबर २००६ मध्ये चीनची एक पाणबुडी 'किटी हॉक' या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या नजीक अचानक वर आली आणि त्या धोरणाचे फळ जगाला दिसले.

असे असूनही चीनने पुढे स्वतःच विमानवाहू नौकांचा मार्ग धरला. 'ल्याओनिंग' २०१२ मध्ये, 'शानडोंग' २०१९ मध्ये, तर सुमारे ८० हजार टनांची 'फुजियान' नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झाली. यात वरवर विसंगती वाटते. पण ती तशी नाही. किनाऱ्याजवळ शत्रूला रोखण्यास पाणबुडी पुरेशी ठरते. दूरच्या समुद्रात तेलवाहू जहाजांचे मार्ग राखायचे आणि दबदबा निर्माण करायचा, तर विमानांचे छत्र सोबत न्यावे लागते. चीनने कामे वाटून दिली. एकाचा त्याग करून दुसरे स्वीकारले नाही.

भारताचा अनुभवही दुहेरी आहे. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत'ने पूर्व पाकिस्तानची नाकेबंदी केली. त्याच युद्धात ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळ 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. आता त्याच 'हंगोर'च्या नावाने चिनी बनावटीच्या आठ पाणबुड्या पाकिस्तान घेत आहे.

तिसऱ्या विमानवाहू नौकेचा आग्रह नौदल धरत असताना, २०२० मध्ये तत्कालीन संरक्षण दलप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी पाणबुड्यांना अग्रक्रम देण्याचे मत मांडले होते. 'विक्रमादित्य' आणि २०२२ मध्ये दाखल झालेली, सुमारे २० हजार कोटी रुपयांची नवी 'विक्रांत' अशा दोन विमानवाहू नौका भारताकडे आहेत. खरी उणीव पाण्याखाली आहे. १९९९ च्या आराखड्यानुसार ३० वर्षांत २४ पाणबुड्या बांधायच्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये 'वागशीर' दाखल झाली, तेव्हा त्यांपैकी अवघ्या सहा पूर्ण झाल्या होत्या.

या विलंबाचे मूळ मुंबईच्या माझगाव गोदीत शोधता येते. तेथे 'शाल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर नव्या मागणीचा करार २००५ मध्ये झाला आणि त्यातील पहिली 'कलवरी' २०१७ मध्ये नौदलात आली. पाणबुडीच्या कवचाचे जोडकाम हे पुस्तकातून शिकण्याचे कसब नव्हे. हात रिकामे राहिले की ते विरते आणि नव्या पिढीला पुन्हा आरंभापासून धडे गिरवावे लागतात. पुढील सहा पाणबुड्यांसाठी गोदीशी बोलणी सुरू होण्यासही २०२५ साल उजाडले.

यामुळे 'मोठी नौका की पाणबुडी' हा वाद अर्धवट ठरतो. मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून हिंदी महासागरात येणाऱ्या चिनी जहाजांवर वचक ठेवण्यास पाणबुडी हे तुलनेने स्वस्त व परिणामकारक साधन आहे, आणि तूर्त अग्रक्रम तिलाच हवा. मात्र चीनपासून घेण्याचा धडा निवडीचा नसून सातत्याचा आहे. त्याच्या गोद्या थांबल्या नाहीत. आपल्या थांबत राहिल्या.