बेटे कोणाची? पर्यटकांची की आदिवासींची?

जानेवारी २०२४ मध्ये देशाच्या पंतप्रधानांनी लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरची आपली छायाचित्रे प्रसिद्ध केली. मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर शेरेबाजी केली आणि आपल्या वाहिन्यांना आठवडाभराचे खाद्य मिळाले. मालदीववर बहिष्कार टाका, लक्षद्वीपला चला, असा गजर सुरू झाला. या गदारोळात लक्षद्वीप म्हणजे निळे पाणी आणि पांढरी वाळू एवढेच देशाला कळले. तिथे माणसे राहतात आणि ती जवळजवळ सगळीच अनुसूचित जमातीची आहेत, हे सांगण्याची गरज कोणालाही वाटली नाही. आदिवासींची जागा दिसते, आदिवासी दिसत नाहीत. मनुवादी व्यवस्थेची नजर अशीच असते!

काय आहे हे लक्षद्वीप? केरळच्या किनाऱ्यापासून २०० ते ४४० किलोमीटरवर पसरलेली ही प्रवाळ बेटांची माळ. बेटे छत्तीस, पण वस्ती फक्त दहांवर. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढीही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या वर आणि त्यात जवळपास ९५ टक्के अनुसूचित जमाती. १९५१ च्या आदेशातील मूळ व्याख्याच अशी की, ज्याचा स्वतःचा आणि आई-वडील दोघांचाही जन्म या बेटांवर झाला, तो अनुसूचित जमातीचा. धर्माने हे लोक मुस्लिम आहेत. नारळ आणि ट्यूना मासा यांवर त्यांचे जीवन चालते.

या बेटांवर जहाजाने फिरण्याची हौस नवी नाही. प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सहल वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे. दिवसा बेटावर पोहायचे, जेवायचे, नाच पाहायचा आणि रात्री पुन्हा जहाजात झोपायचे. २०२१ पासून मुंबईहून खाजगी क्रूझही लक्षद्वीपकडे निघू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या जहाजावर अमली पदार्थांचा छापा पडला आणि वाहिन्यांनी जहाजाचे नाव घराघरांत पोहोचवले. पण २०२१ मध्येच बेटांवरची माणसे उपोषण करीत होती, त्याकडे किती कॅमेरे वळले?

क्रूझचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. प्रवाशाची खोली जहाजात, जेवण जहाजात, करमणूक जहाजात. तिकिटाचे पैसे बंदर सुटण्याआधीच कंपनीच्या तिजोरीत जमा झालेले असतात. बेटाच्या वाट्याला उरतो काही तासांचा पाहुणा, चार शहाळ्यांचे पैसे आणि मागे राहिलेला कचरा. जिथे गोडे पाणी म्हणजे वाळूखाली तरंगणारा एक पातळ थर, जिथे २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभारावा लागला, तिथे पाहुण्यांची प्रत्येक बादली यजमानाच्या घागरीतून जाते.

जहाज ही पर्यटकासाठी चैन असेल, बेटवासीयासाठी ती एसटी आहे. कॉलेजला जायचे तर जहाज, कोचीच्या मोठ्या दवाखान्यात जायचे तर जहाज, तांदूळ यायचा तोही जहाजाने. बेटांभोवती प्रवाळाचे कडे असल्यामुळे मोठे जहाज बहुतेक ठिकाणी बाहेरच उभे राहते आणि म्हातारी माणसे, पोरेबाळे हलत्या होडीतून चढ-उतार करतात. डिसेंबर २०२१ मध्ये एम. व्ही. कवरत्तीच्या इंजिनाला आग लागली. जहाजावर सहाशेंहून अधिक प्रवासी होते, सुदैवाने जीवितहानी झाली नाही. एक जहाज बंद पडले की बेटांचा श्वास कोंडतो. म्हणून आधी लोकांची जहाजे वाढवा, मग सहलीची बोला!

आता मुद्दा संविधानाचा. लक्षद्वीपला जायचे तर भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. १९६७ च्या नियमांपासून ही पद्धत आहे. ‘आपल्याच देशात परवाना कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी संविधान उघडून पाहावे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने दिलेल्या संविधानाचे कलम १९ नागरिकाला देशभर संचार आणि वास्तव्याचे स्वातंत्र्य देते. त्याच कलमाचे पाचवे उपकलम सांगते की अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतील. पैसेवाल्याच्या स्वातंत्र्याखाली दुबळ्याचे अस्तित्व चिरडले जाऊ नये, एवढीच ही तरतूद आहे. परवाना ही सरकारची मेहेरबानी नाही, ते आदिवासींचे कवच आहे.

पण हे कवच पातळ आहे. इथे विधानसभा नाही. पाचवी अनुसूची लागू नाही. कलम २४० प्रमाणे राष्ट्रपतींच्या नावाने केंद्र सरकार नियम करते आणि कारभार प्रशासकाच्या हाती. संसदेत एकच खासदार. २०२१ मध्ये या रचनेचा खरा चेहरा दिसला. प्रशासक प्रफुल्ल खोडा पटेल यांच्या काळात विकास प्राधिकरणाचा मसुदा आला. कोणतीही जमीन नियोजनाखाली आणून लोकांना हलवण्याचे अधिकार त्यात होते. सोबत खटल्याशिवाय डांबण्याचा गुंडाविरोधी कायदा, गोवंशबंदी आणि दोनांहून अधिक मुले असणाऱ्यांना पंचायतीची दारे बंद! शिक्षण, आरोग्य, शेती, मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन ही खाती जिल्हा पंचायतीकडून काढून घेतली गेली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या झोपड्या किनारा संरक्षणाच्या नावाने पाडल्या. मच्छीमाराची झोपडी बेकायदा आणि पाण्यात खांब रोवून उभारायचे व्हिला म्हणजे विकास! जानेवारी २०२३ मध्ये टाटा समूहाच्या हॉटेल कंपनीने सुहेली आणि कदमत बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची आलिशान रिसॉर्ट जाहीर केली. जुलै २०२५ मध्ये संपूर्ण बित्रा बेट संरक्षण कामासाठी घेण्याच्या दिशेने अधिसूचना निघाली. तिथली वस्ती २०११ मध्ये २७१ होती. संख्या कमी म्हणून हक्क कमी होतो काय?

पाण्यातल्या व्हिलांचा प्रश्न केवळ निसर्गप्रेमाचा नाही, पोटाचा आहे. मिनिकॉयचा मच्छीमार गळाच्या काठीने एकेक ट्यूना पकडतो. त्यासाठी लागणारा जिवंत आमिषाचा बारीक मासा उथळ खाजणात, प्रवाळाच्या आश्रयाने वाढतो. प्रवाळ मेला की आमिष गेले, आमिष गेले की ट्यूना गेला. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये तापलेल्या समुद्राने इथला प्रवाळ पांढरा पाडला. संशोधकांच्या नोंदीनुसार १९९८ ते २०२२ दरम्यान जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९-२० टक्क्यांवर आले. आणि हेच कडे तुटले तर लाटा थेट घरात येतील. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने लोकनियुक्त पंचायतींशी सल्लामसलत करून योजना राबवायला सांगितले होते. ते ऐकायचे कोणी?

आंबेडकरी चळवळीने याकडे का पाहावे? कारण लढाई एकच आहे. संघ परिवाराशी निगडित संघटना ‘डी-लिस्टिंग’ची मागणी करतात. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीतून काढा, असे त्या म्हणतात. ही मागणी मान्य झाली तर लक्षद्वीपच्या मुस्लिम आदिवासींचे काय होईल? धम्मदीक्षेनंतर आपल्या सवलती कशा हिरावल्या गेल्या आणि केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल कसे उजाडले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. धर्माच्या नावाने हक्क काढून घेण्याचे हत्यार आपण अंगावर झेलले आहे. आज ते दुसऱ्यावर उगारले जात असताना गप्प बसणे आपल्याला परवडणारे नाही.

मात्र डोळस राहिले पाहिजे. जातीची उतरंड या बेटांवरही पोहोचली. जमीनमालक कोया, नाव हाकणारे माल्मी आणि माडावर चढून नारळ उतरवणारे, राबणारे मेलाचेरी. धर्म समतेचा, पण कष्टाचा वाटा जन्मावरून! कल्पेनीच्या मातृवंशीय समाजावर लीला दुबे यांनी १९६९ मध्ये ग्रंथ लिहिला, तोही अभ्यासूंनी पाहावा. १९६५ च्या कूळ नियमनाने राबणाऱ्याला हक्काचा आधार दिला. उद्या पर्यटनाचा पैसा आला तर तो कोया घराण्यांच्या अंगणातच थांबेल की माडावर चढणाऱ्याच्या चुलीपर्यंत जाईल, हेही विचारावे लागेल.

१९८७ च्या अखेरीस काँग्रेसचे पंतप्रधान बंगारम बेटावर सुट्टीला गेले, २०२४ मध्ये भाजपचे पंतप्रधान अगत्तीला उतरले. पक्ष बदलले, बेटाकडे पाहण्याची नजर तीच राहिली. मालदीवची एवढी ईर्षा असेल तर तिथूनही शिकावे. तिथे अनेक दशके पर्यटन बड्या रिसॉर्टपुरते कोंडलेले होते, गावबेटांवर सामान्यांना अतिथीगृहे काढण्याची मुभा मिळाली ती २००८ नंतर.

आपली मागणी स्पष्ट असावी. परवाना पद्धत कायम राहावी. पंचायतीच्या ठरावाशिवाय एकही रिसॉर्ट होऊ नये, एकही बेट घेतले जाऊ नये. पर्यटन व्हावे, पण ते बेटवासीयांच्या सहकारी संस्थांच्या मालकीचे व्हावे आणि त्यात मेलाचेरींचा वाटा लिहून ठेवलेला असावा. पर्यटक पाच दिवसांनी परत जाईल, कंपनी नफा संपला की निघून जाईल. बेटावर शेवटपर्यंत राहणार तो आदिवासी. निर्णयाचा पहिला अधिकार त्याचाच आहे आणि तो त्याला संविधानाने मिळालेला आहे. जयभीम!