गोल्फ कोणाचा?

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे, अशी समजूत सर्वत्र दृढ झाली आहे. विस्तीर्ण हिरवळ, चकाकणाऱ्या काठ्या आणि त्या वाहणारा सेवक, असे चित्र पाहून बार्शीटाकळीच्या मुलास हा खेळ आपला नव्हे असे वाटले, तर नवल नाही. माझ्या मते मात्र ही समजूत त्या खेळावर अन्याय करणारी आहे.

मुळात गोल्फ म्हणजे काय? दूरवरच्या खळग्यात कमीत कमी टोल्यांनी चेंडू घालावयाचा, एवढेच. गोट्या आणि विटीदांडू खेळणाऱ्यांना यात अनोळखी ते काय? स्कॉटलंडमध्ये १४५७ साली राजाने या खेळावर बंदी घातली. कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून त्याच्या नादी लागले होते. चार धनिकांच्या करमणुकीसाठी कोणी असा कायदा करीत नाही!

खर्च येतो तो जागेचा आणि पाण्याचा. स्कॉटलंडमधीलच सेंट अँड्र्यूज या गावी १५५२ च्या सनदेने समुद्राकाठच्या माळावर गुरे चारण्याचा व गोल्फ खेळण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. तो माळ आजही सार्वजनिक आहे. तेथील सर्वांत जुन्या मैदानावर रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी खुशाल फिरावयास येतात. आपल्या वऱ्हाडातील ई-क्लासची जमीन हीही गुरांच्या चराईसाठी राखलेली, सर्वांच्या मालकीची जागाच होय. ती आक्रसत गेली, तर गोल्फच काय, कोणताच खेळ गरिबाच्या मुलास उरणार नाही. ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

मुंबईत चेंबूरला गोल्फचे एक जुने मैदान आहे. तेथे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांस ‘कॅडी’ म्हणतात. जवळच्या वस्तीतील अशा मुलांनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन अरुंद गल्ल्यांतच हा खेळ मांडला. त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही, हे मला फार आवडते.

आणि हिरवळ? अकोल्याच्या उन्हाळ्यात गवतासाठी पाणी ओतणे शहाणपणाचे नव्हे. त्याची गरजही नाही. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या रखरखीत गावी मैदानावर गवत नाही. खेळाडू हिरवळीचा लहानसा तुकडा बरोबर बाळगतात आणि त्यावर चेंडू ठेवून टोला मारतात.

तेव्हा कपाशीची उलंगवाडी झाली, की बार्शीटाकळीच्या मुलांनी पाच खळगे खणून पाहावेत. अठराच हवेत असे नाही. १७६४ पर्यंत सेंट अँड्र्यूजची फेरीही बावीस खळग्यांची होती. चेंडू हलका घ्यावा, टोला मारणाऱ्यापासून इतरांनी दूर उभे राहावे आणि जागा मुरमाड निवडावी. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांत शिरलेला चेंडू मृगाचा पाऊस पडेपर्यंत काही सापडावयाचा नाही.