गज म्हणजे खिडकीचा नव्हे

नवीन पनवेलला माझ्या बहिणीचा मुलगा गेले दोन महिने इलेक्ट्रिक गिटारवर व्हायोलिनचा बो घासतोय. घासतोय हाच शब्द बरोबर, वाजवतोय असं अजून म्हणवत नाही. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले. परवा मी त्याला म्हटलं, "अरे, गज जरा हलका धर." त्यानं खिडकीकडे पाहिलं. "मामू, कुठला गज?"

हसू आलं, पण नंतर ते टोचत राहिलं. त्याला जिमी पेज माहीत आहे. गज माहीत नाही.

पेजची गोष्ट त्याला तोंडपाठ आहे. लंडनच्या स्टुडिओत रोजगारावर गिटार वाजवणाऱ्या पेजला डेव्हिड मॅक्कॅलम नावाच्या व्हायोलिनवादकानं सुचवलं, की गिटारवर बो चालवून बघ. पेजनं ते आधी यार्डबर्ड्समध्ये आणि मग लेड झेपलिनमध्ये इतकं गाजवलं, की लोकांना तो त्याचाच शोध वाटतो. पण १९६६ मध्येच द क्रिएशन या बँडच्या एडी फिलिप्सनं 'मेकिंग टाइम' या गाण्यात तेच केलं होतं. आणि व्हिएन्नात १८२३ च्या सुमारास श्टाउफर नावाच्या कारागिरानं गजानं वाजवायची गिटारच बनवली होती, आर्पेजिओने. तिच्यासाठी शूबर्टनं १८२४ मध्ये सोनाटा लिहिला. वाद्य लवकरच मागे पडलं, सोनाटा उरला. आज तो बहुधा चेलोवर वाजतो.

भाच्याचा आवाज खरखरीत का येतो, त्याचं कारण साधं आहे. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, म्हणून गज एकेका तारेला वेगळा लागतो. गिटारच्या तारा जवळपास एका पातळीत. कडेच्या दोन सोडल्या तर मधली तार एकटी सापडत नाही. शिवाय गजाच्या केसांना राळ लागते. राळ तार पकडते, ताण वाढला की तार सुटते, पुन्हा पकडली जाते; सेकंदाला शेकडो वेळा. गिटारच्या तारेवर ती राळ साचत जाते. पेजनं या अडचणीतूनच वाट काढली. त्यानं सूर शोधायच्या भानगडीत न पडता तारांवर गज आपटला, प्रतिध्वनीच्या यंत्रातून तो आवाज मोठ्या सभागृहभर फिरवला. मला त्यात थोडं नाटक वाटतं, पण वाईट नाटक नाही. छेडलेली तार लगेच विझत जाते. तिनं श्वासासारखं टिकावं ही ओढ खरी आहे.

ती ओढ आपल्याकडे केव्हाच भागवली गेली होती. दिलरुबा घ्या: सतारीसारखे पडदे आणि वर गज. १९६७ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात लंडनमध्येच दिलरुबा वाजला. आणि सारंगी! पडदे नाहीत, आतड्याच्या तीन मुख्य तारा, त्यांच्याखाली तीसहून अधिक तरफा, आणि बोटाच्या पेराऐवजी नखाच्या मुळाशी धरलेली तार. मींड गळ्याइतकी अखंड.

१९७२ मध्ये पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. पनवेलपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर हे घडलं. भाच्याला ही तारीखही ठाऊक होती. साथीला बसलेल्यांपैकी एकाचंही नाव तो सांगू शकला नाही.

माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. गज हातात धरणारे बहुतेक आपलेच लोक होते. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. थिरकवांचं नाव संगीताशी फारसा संबंध नसलेल्या माणसालाही आठवतं. कादरबक्ष म्हटलं की समोरचा गप्प होतो. अब्दुल करीम खाँसाहेब सारंगियांच्या घराण्यातले, स्वतः सारंगी वाजवत. अमीर खाँसाहेबांचे वडीलही सारंगीवादक. दोघांना मान मिळाला तो गळ्यामुळे. सारंगीला कोठ्याचा डाग चिकटला, सारंगिया साथीला मागे बसला, पुढे त्याची जागा पेटीनं घेतली. पेटीवर मींड येत नाही हे सर्वांना माहीत होतं, तरी घेतली. आणि घरातल्या शरीफ मंडळींनीही हे वाद्य आपलं म्हणून सांगायचं टाळलं. डाग लावणारे फक्त बाहेरचे नव्हते.

पंडित राम नारायण मुंबईत राहून साथ सोडून एकट्यानं मंचावर बसले, तेव्हा सारंगी जगाला ऐकू आली. त्यांना २००५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पण तोवर कितीतरी घरांत सारंगी माळ्यावर गेली होती, मुलं दुसऱ्या कामाला लागली होती.

गिटारवाला गज घेतो तेव्हा तो प्रयोग ठरतो. सारंगिया पिढ्यान् पिढ्या तोच गज ओढतो तेव्हा तो फक्त साथीदार. हा हिशेब मला मान्य नाही.

भाच्याला त्या रात्री राम नारायणांचा मारवा लावून दिला. इयरफोन घालून तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "मामू, हे कुठलं पेडल वापरतात?" पेडल नाही म्हटल्यावर त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. काल बो उचलला तेव्हा आधी मनगट सैल केलं. काका अजून वर आलेले नाहीत.