गावाला जाताना मांजराची सोय

मे महिन्यात आठ दिवसांच्या प्रवासाला निघणाऱ्या घराची तयारी चोख असते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी झालेले असते, खाखऱ्यांचे डबे भरलेले असतात, दुकानाची किल्ली मुनीमजींकडे पोचलेली असते, दूधवाल्याला निरोप गेलेला असतो. मांजराची आठवण मात्र आदल्या रात्री होते. तोवर बाहेर काढलेल्या बॅगा पाहून ते दिवाणाखाली जाऊन बसलेले असते.

सांगलीच्या हळद बाजारातील एका कुटुंबात असेच घडले. त्यांची मांजरी गोदामातली. पोत्यांच्या थप्पीमागे जन्मलेली. माणसाचा हात तिला प्रथम लागला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. पिल्लाच्या वयाचा दुसरा ते सातवा आठवडा हा माणसांशी ओळख जुळण्याचा मुख्य काळ होय. तो निसटला, की मांजर घरच्या चौघांवर जीव लावते. परंतु पाचव्या माणसाची चाहूल लागताच नाहीसे होते. कुटुंबाने चार नातलगांना पाळीपाळीने येण्यास सांगितले. प्रत्येक जण मुलांसह आला. प्रवासातून व्हिडिओ कॉलवर ‘मनीला दाखवा’ असा आग्रह झाला, म्हणून एकाने तिला ओढून बाहेर काढले आणि हात ओरबाडून घेतला. त्यानंतर ती माळ्यावर चढली आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही. कुटुंब परतल्यावर तिला सलाईन लावावे लागले.

उपाशी मांजराची गोष्ट इतर प्राण्यांसारखी नसते. खाणे तुटले की शरीरातील चरबी यकृतात साचू लागते आणि काही दिवसांत प्रकरण जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हे म्हणणे येथे चालत नाही.

मग तिला प्राण्यांच्या वसतिगृहात ठेवावे का? भित्र्या मांजरासाठी ते सहसा योग्य नाही. मांजराचा आधार माणसाइतकाच जागेचा आणि वासाचा असतो. त्याला घरीच ठेवावे आणि एकाच व्यक्तीने रोज ठरावीक वेळी यावे, हे उत्तम.

पुढच्या वर्षी त्या कुटुंबाने शेजारच्या काकूंना तीन आठवडे आधीपासून बोलावले. काकू येत, जमिनीवर बसत, मांजरीकडे न पाहता वाती वळत. पाहिलेच तर डोळे हळूच मिटून उघडत. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की अशा मंद उघडझापीनंतर मांजरे अनोळखी माणसाच्या हाताजवळ येण्यास अधिक राजी होतात. दुसऱ्या आठवड्यात खाण्याचे भांडे काकूंच्या हातून जाऊ लागले. मग घरचे एक दुपार आणि एक रात्र मुद्दाम बाहेर राहिले.

दिवाणाजवळ पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात सासूबाईंची न धुतलेली जुनी सुती साडी घातली. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण लवकर उतरला. लपणे हाच त्यांचा धीर. तेथून त्यांना काढू नये.

निघण्यापूर्वी घर फिनाईलने लख्ख पुसण्याची आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दोन्ही मांजराला विषारी ठरू शकतात, शिवाय ओळखीचा वासही पुसला जातो. वाटीभर दूध ठेवून निश्चिंत होणे हीदेखील समजूतच. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. नेहमीचेच खाणे द्यावे आणि उन्हाळ्यात पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे.

काकूंना एक वही दिली होती. भित्रे मांजर रात्रीच खाते, म्हणून भांडे ठेवताना आणि उचलताना वजन करायचे, वाळूचा ट्रे पाहायचा, आत शिरताना आधी बाहेरचे दार लावायचे. एक दिवस काहीच खाल्ले नाही तर फोन. दुसऱ्या दिवशीही तेच, तर थेट पशुवैद्य. बोका असेल आणि लघवीला वारंवार बसूनही होत नसेल, तर तासाभराचाही विलंब नको. वहीच्या पहिल्या पानावर पशुवैद्याचा क्रमांक, उपचारास लेखी संमती आणि खर्चाची रक्कम होती. पाच हजारांच्या उसनवारीचीही चिठ्ठी करणाऱ्या घरांना हे जड जाऊ नये. अतिशय घाबरट मांजरासाठी पशुवैद्य भीती उतरवणारे औषध देतात. मात्र ते मनाने देऊ नये.

काकूंच्या वहीत पहिल्या दिवशी नोंद होती, ‘दिसली नाही. वीस ग्रॅम खाल्ले.’ चौथ्या दिवशी, ‘खोक्यातून शेपूट दिसले.’ सातव्या दिवशी, ‘भांडे ठेवताना समोर आली, लांब बसली.’

कुटुंब परतले तेव्हा मांजरी त्यांच्याकडे पाठ करून बॅगांचा वास घेत राहिली. रात्री दोनच्या सुमारास ती सासूबाईंच्या पायाशी येऊन झोपली.