संपाचा हक्क आणि साचेखाते

२९ कामगार कायदे मोडीत काढून तयार केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. आता कोणत्याही कारखान्यात संपावर जायचे तर १४ दिवस आधी नोटीस हवी. समेटाची बोलणी सुरू असताना तर संपच बेकायदा. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला मात्र कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा १०० होती. समर्थक म्हणतात, गुंतवणूक येईल. डावे म्हणतात, भांडवलदारांचे राज्य आले. दोघांचीही वाक्ये तोंडपाठ आहेत.

मुंबईने हा वाद १९३८ मध्येच पाहिला. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी ७ नोव्हेंबरला मिळून संप पुकारला. संप हे कामगाराच्या स्वातंत्र्याचेच दुसरे रूप आहे, त्यासाठी शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा आंबेडकरांचा विधिमंडळातला युक्तिवाद होता. विधेयक तरीही मंजूर झाले.

पण हेच आंबेडकर १९२८ च्या गिरणी संपात कम्युनिस्ट पुढाऱ्यांना अडचणीचा प्रश्न विचारत होते. साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, पगार बरा, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कांडी संपली की विणकर धोट्यात नवी घाली आणि सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घेई. त्या धोट्याला दलिताचे ओठ लागले तर विटाळ! ही अट मालकापेक्षा शेजारच्या साच्यावरच्या कामगाराला हवी होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हे सारे होते. आपल्या समाजवाद्यांनी दुसऱ्या शत्रूचा अभ्यास केला, पहिला बराच काळ ऑप्शनला टाकला.

जातीची ती भिंत आजही उभी आहे. शहराच्या सफाईचे कंत्राट कोणीही घेवो, गटारात कोण उतरतो हे सांगावे लागत नाही. हाताने मैला उपसण्यावर २०१३ चा कायदा बंदी घालतो. तरी माणसे गुदमरून मरतात आणि जबाबदारी महापालिका व ठेकेदार एकमेकांवर ढकलतात. संपाची नोटीस या सफाई कामगारांनी द्यायची तरी कोणाला? संहितांविरुद्ध मोर्चे निघावेत, जरूर निघावेत. पण सफाई कामगाराची कायम नेमणूक संघटनांच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर हवी, आणि वाटाघाटीच्या टेबलावर तोही बसलेला हवा.